शहरालगतच्या गावात घर घेताना : सेवाग्राम परिसराच्या संदर्भात काही नेहमीचे प्रश्न

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावरील सेवाग्राम हे नाव देशात सर्वत्र परिचित आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी या गावी आले, तेव्हा त्याचे नाव सेगाव होते. आपल्या निवासासाठी पाचशे रुपयांपेक्षा अधिक खर्च होऊ नये, साहित्य व कारागीर आसपासचेच असावेत, अशी त्यांची अट होती. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी होणारा टपालाचा घोटाळा टाळण्यासाठी १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम असे झाले. १९६९ मध्ये येथे देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि रेल्वेची सोय यांमुळे परिसराचे रूप पालटत गेले. सेवाग्राम, वरूड, नालवाडी, सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे या गावांच्या शिवारात जेथे कापूस व तूर उभी राहत असे, तेथे आज घरांच्या रांगा उभ्या आहेत.

या घरांत राहणारे बहुसंख्य लोक परिचारिका, शिक्षक, कारकून, रेल्वे कर्मचारी, लहान दुकानदार अशा मध्यम उत्पन्नाचे आहेत. भविष्य निर्वाह निधी, पत्नीचे दागिने आणि बँकेचे कर्ज एकत्र करून आयुष्यात एकदाच ते हा व्यवहार करतात. विकणाराही बहुधा अल्पभूधारक असतो. त्याच्या कुटुंबाची ती अखेरची जमीन असण्याचा संभव असतो. व्यवहारात चूक झाल्यास दोन्ही घरे उघड्यावर पडतात. असा व्यवहार ठरविताना लोक प्रथम वकिलाकडे न जाता गावातील शिक्षक, सरपंच, पंचायत सदस्य किंवा ओळखीचा कर्मचारी यांच्याकडे जातात. त्यांना विचारल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे क्रमाने दिली आहेत.

घर घेणे म्हणजे नेमके काय घेणे?

घर पाहावयास गेलेला मनुष्य भिंती, फरशी, विहीर आणि रस्ता पाहतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र पाहण्याच्या गोष्टी तीन आहेत. घराखालील जमीन कोणाची आहे, ती घर बांधण्याच्या उपयोगाची आहे काय, आणि विकणाऱ्यास ती विकण्याचा पूर्ण अधिकार आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली नाहीत, तर घर कितीही चांगले असले तरी खरेदी थांबविणे श्रेयस्कर ठरते. भिंती दुरुस्त करता येतात. जमिनीच्या हक्कातील दोष दुरुस्त करण्यास एक पिढी अपुरी पडते.

कोणत्या कागदावरून काय समजते?

गावातील जमीन दोन प्रकारची असते : गावठाणातील व गावठाणाबाहेरील. विदर्भात जुन्या वसाहतीस आबादी असेही म्हणतात. गावठाणाबाहेरील जमिनीचा मुख्य अभिलेख म्हणजे सातबारा. गाव नमुना सात व बारा मिळून तो तयार होतो. त्यात भूमापन क्रमांक, क्षेत्र, भोगवटादाराचे नाव, धारणा प्रकार आणि ‘इतर हक्क’ हे रकाने असतात. सर्वसाधारण खरेदीदार केवळ नाव पाहतो. जाणकार प्रथम ‘इतर हक्क’ पाहतो. बँकेचा अथवा सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, विक्रीवरील निर्बंध, न्यायालयाचा मनाई आदेश यांच्या नोंदी तेथे आढळतात. सातबाऱ्यावर दिसणारे फेरफार क्रमांक टिपून घ्यावेत व गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, पाहावी. जमीन एका हातून दुसऱ्या हाती कशी गेली, हे त्यावरून समजते.

गावठाणातील घरासाठी सातबारा नसतो. जेथे नगर भूमापन झाले आहे, तेथे मिळकत पत्रिका असते. वर्धा-नागपूर भागात तिला आखीव पत्रिका म्हणतात. अनेक लहान गावांच्या गावठाणांचे असे भूमापन दीर्घकाळ झालेले नव्हते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या गावची पत्रिका तयार झाली असल्यास ती आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ घालून पाहावा. वर्धा शहराच्या हद्दीत काही भूखंड नझूलचे असतात. तेथे भाडेपट्ट्याची मुदत व अटी तपासणे अगत्याचे आहे.

ग्रामपंचायतीची करपावती मालकी सिद्ध करते काय?

नाही. या एका प्रश्नाचे उत्तर गावोगावी ठाऊक झाले, तर निम्मे तंटे टळतील.

दोन नमुन्यांच्या सारख्या नावांमुळे येथे मोठा गोंधळ होतो. ‘गाव नमुना आठ-अ’ हा महसूल खात्याचा अभिलेख आहे. एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी त्यात एकत्र दाखविलेल्या असतात. ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’ ही घरांच्या कर आकारणीची नोंदवही आहे. घर वापरात आहे व कोणीतरी कर भरला पाहिजे, एवढ्याच हेतूने तीत नाव लागते. घर शेतजमिनीवर विनापरवाना बांधलेले असले, सरकारी जागेवर असले, तरीही पंचायत कर आकारू शकते. कर भरल्याने अतिक्रमण नियमित होत नाही आणि जमिनीची मालकीही मिळत नाही. न्यायालयांनी हे वारंवार स्पष्ट केले आहे.

समजा, रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याने शेताच्या एका तुकड्यात १,५०० चौरस फुटांचा प्लॉट घेतला. स्टँप पेपरवर लिखाण झाले, नोटरीचा शिक्का बसला, पैसे दिले, ताबा मिळाला. त्याने घर बांधले, पंचायतीच्या नमुना आठला नाव लागले, वीजजोडणीही मिळाली. वीस वर्षांनी शेतमालकाचे निधन झाले आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे चढली. त्या सातबाऱ्यावर प्लॉटधारकाचा उल्लेख कधीच नव्हता. वारसांनी जमीन तिसऱ्यास विकली, तर करपावत्यांचा गठ्ठा घेऊन न्यायालयात जाण्यावाचून त्या कर्मचाऱ्यास मार्ग उरत नाही. बँक त्या घरावर कर्ज देत नाही आणि मुलीच्या लग्नासाठी ते विकावयाचे झाल्यास योग्य किंमतही येत नाही.

शेतात पाडलेला प्लॉट घेण्यायोग्य आहे, हे कसे ओळखावे?

शेतजमिनीवर दांडे रोवून आणि चुन्याच्या रेषा मारून लेआऊट तयार होत नाही. त्यासाठी जमिनीचा निवासी उपयोग अनुज्ञेय असावा लागतो आणि रस्ते, मोकळी जागा, भूखंडांचे क्रमांक दाखविणाऱ्या आखणीस सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये २०१४ नंतर वेळोवेळी सुधारणा झाल्या आणि अकृषिक परवानगीची पद्धत पुष्कळ सुलभ झाली. गावठाणाच्या सीमेपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठीही रक्कम भरून निवासी उपयोग मान्य करण्याची तरतूद करण्यात आली. परंतु परवानगी सुलभ झाली म्हणून आखणीची व बांधकामाची मंजुरी अनावश्यक ठरत नाही. प्लॉट पाडला गेला त्या वेळी कोणता नियम होता व आज कोणता लागू आहे, याची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत मागून घ्यावी आणि आपला भूखंड क्रमांक तीत आहे काय, हे पाहावे. साधारणतः चार हजार चौरस मीटर व त्याहून अधिक क्षेत्राच्या आखणीत दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नकाशात बाग दाखविलेली जागाच पुढे ‘शेवटचा स्वस्त प्लॉट’ म्हणून विकली जाण्याचा धोका असतो. ती घेणारा फसतोच. शिवाय वसाहतीतील मुलांचे मैदानही जाते.

लहान तुकड्यांच्या विक्रीस १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे निर्बंध आहेत. २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायत जमिनीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरविले. निवासी उपयोगाच्या क्षेत्रातील जुने व्यवहार नियमित करण्यासाठी २०२५ मध्ये मोठी सवलत देण्यात आली. ज्यांच्याकडे असे जुने प्लॉट आहेत, त्यांनी आपला व्यवहार तीत बसतो काय, हे विचारून घ्यावे. याशिवाय विदर्भासाठी असलेल्या १९५८ च्या कूळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन विकण्यावर निर्बंध आहेत. ‘आधी शेत म्हणून घ्या, घराचे पुढे पाहू’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

क्षेत्राच्या मापातही फसगत होते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते, बोलणी चौरस फुटांत होतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. १,५०० चौरस फुटांचा प्लॉट सुमारे १.३९ आर भरतो. शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून अधिकृत मोजणी करून घ्यावी व चतुःसीमा विक्रीपत्रात स्पष्ट लिहाव्यात.

मोठ्या प्रकल्पातील भूखंड वा सदनिका घेणाऱ्यांस स्थावर संपदा कायदा, २०१६ चे संरक्षण आहे. नियोजन क्षेत्रातील ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे करावी लागते. करारनामा नोंदविल्याशिवाय विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही.

‘वर्ग एक’ आणि ‘वर्ग दोन’ म्हणजे काय?

भोगवटादार वर्ग एकच्या जमिनीची विक्री सर्वसाधारणपणे निर्बंधमुक्त असते. वर्ग दोनच्या जमिनीवर शासनाच्या अटी असतात व विक्रीपूर्वी परवानगी लागते. ती न घेता झालेला व्यवहार संकटात येतो. नियमांनुसार शासनाने प्रदान केलेल्या अशा काही जमिनी ठरावीक रक्कम भरून वर्ग एकमध्ये आणता येतात. ही पूर्तता विकणाऱ्याने आधी करावी.

वर्धा जिल्ह्याचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा लागतो. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्यप्रदेशात होता. येथील मालगुजारी पद्धत ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली. सेवाग्रामची जमीनही एके काळी जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीत मोडत होती. त्यामुळे जुन्या दस्तांत मालगुजार, आबादी, भूमिस्वामी, भूमिधारी असे शब्द येतात व १९४० पूर्वीच्या कागदांत गावाचे नाव सेगाव आढळते. जुने नाव दिसले म्हणून कागद बाजूला टाकू नये. जाणकाराकडून वाचून घ्यावा.

विनोबा भावे यांच्या पवनार आश्रमामुळे या जिल्ह्याचे भूदानाशी निकटचे नाते आहे. भूदानात मिळालेली जमीन भूमिहीनांस कसण्यासाठी दिलेली असते. विदर्भात तिला मध्यप्रदेश भूदान यज्ञ कायदा, १९५३ च्या अटी लागू आहेत. ‘इतर हक्कां’त भूदानाची नोंद असल्यास, किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असल्यास, सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी खात्री केल्यावाचून एक रुपयाही देऊ नये. शासनाने दिलेले घरकुल अथवा घरजागा यांच्या बाबतीतही मूळ आदेशातील अटी वाचणे आवश्यक आहे.

सही कोणाकोणाची हवी?

वडिलोपार्जित घर थोरल्या भावाने विकले आणि बहिणीने दावा लावला, हे चित्र सर्वत्र दिसते. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. तिचे लग्न झाले अथवा ती दूर राहते, म्हणून तो संपत नाही. तिला हक्क सोडावयाचा असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. साध्या कागदावरील संमती पुरेशी नाही. विधवा सून, अज्ञान मुले यांचाही विचार करावा. अज्ञानाच्या हिश्श्याची विक्री न्यायालयाच्या परवानगीशिवाय करणे धोक्याचे असते.

मयत खातेदाराचे नाव वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर राहिल्याने असे व्यवहार अडतात. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबविण्यात आलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचा हेतू मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हाच होता. वारसनोंद झाल्यावाचून खरेदीची बोलणी पुढे नेऊ नयेत.

इसार, करारनामा आणि विक्रीपत्र यांत फरक कोणता?

इसार किंवा बयाणा हे वचन असते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार विक्रीच्या केवळ कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत विक्रीपत्रानेच पूर्ण होते. केवळ कुलमुखत्यारपत्र घेऊन मालकी मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

इसार देण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची पाहून मागील तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा. इसार शक्यतो बँकेमार्फत द्यावा. वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे. विक्रीपत्र सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावे लागते. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत व वार्षिक मूल्यदर तक्त्यातील मूल्य यांपैकी जे अधिक असेल, त्यावर आकारले जाते. शुल्क वाचविण्यासाठी दस्तात किंमत कमी दाखविणारा पुढे वाद झाल्यास दिलेली पूर्ण रक्कम सिद्ध करू शकत नाही. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून देण्यात आली. या सवलतीमुळे अनेक कुटुंबांत पत्नीच्या नावे पहिल्यांदाच मालमत्ता होऊ शकते.

विकणाऱ्याने कोणती दक्षता घ्यावी?

विक्रीपूर्वी सोसायटी अथवा बँकेचे कर्ज फेडून बोजा कमी करून घ्यावा. पंचायतीचा कर, वीजबिल व पाणीपट्टी यांची बाकी चुकती करावी. संपूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याखेरीज विक्रीपत्रावर ‘पूर्ण भरणा मिळाला’ असे लिहू नये. मध्यस्थाच्या नावे मुखत्यारपत्र करून देण्यापूर्वी त्याचा परिणाम समजून घ्यावा. अनेक शेतकऱ्यांची जमीन याच कागदाने हातची गेली आहे.

आयकराचा प्रश्नही उद्भवतो. एक लाखाहून अधिक व दहा लाखांपर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ अंतराने सहा किलोमीटरच्या आतील शेतजमीन करासाठी भांडवली मालमत्ता मानली जाते. २०११ च्या जनगणनेत वर्धा नगरपालिकेची लोकसंख्या एक लाखावर गेलेली असल्याने शहरालगतच्या गावांस ही बाब लागू पडते. जाणकाराचा सल्ला घेऊनच रकमेची विल्हेवाट लावावी.

खरेदीनंतर कोणती कामे उरतात?

विक्रीपत्राची प्रत कपाटात ठेवल्याने काम संपत नाही. सातबाऱ्यावर अथवा आखीव पत्रिकेवर फेरफार व्हावा लागतो. नोंदणी कार्यालयाकडून महसूल खात्यास वर्दी जाते, संबंधितांस नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. खरेदीदाराने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, पाठपुरावा करून नवा सातबारा हाती घ्यावा. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये व वीजजोडणीवर नाव बदलावे. फेरफार मालकी निर्माण करीत नाही, ती विक्रीपत्राने येते. परंतु नोंद नसल्यास तीच जमीन दुसऱ्यास विकण्यास वाव राहतो.

पंचायतीस काय करता येईल?

शहरालगतच्या ग्रामपंचायतींवर या प्रश्नाचा दुहेरी भार पडतो. मंजुरीविना वसलेल्या वस्तीत रस्ता, नाली व पाणी यांची मागणी पंचायतीकडेच येते. रस्त्यासाठी जागाच सोडलेली नसल्याने ती पुरी करता येत नाही. म्हणून काही साधे उपाय योजता येण्यासारखे आहेत. गावातील मंजूर लेआऊटची यादी व नकाशे पंचायत कार्यालयात सर्वांस दिसतील असे लावावेत. नमुना आठच्या उताऱ्यावर ‘हा उतारा केवळ करआकारणीसाठी आहे, मालकीचा पुरावा नाही’ अशी सूचना ठळक असावी. मोकळ्या जागा मोजून त्यांना खुणा कराव्यात. वर्षातून एका ग्रामसभेत महसूल, भूमी अभिलेख व नोंदणी खात्यांच्या अधिकाऱ्यांस बोलावून शंकांचे निरसन करावे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांस स्वतःच्या घरचा सातबारा वाचावयास शिकविले, तर ते ज्ञान त्याच संध्याकाळी घरोघरी पोहोचेल.

खरेदी-विक्रीपूर्वी आवश्यक ती कागदपत्रे मिळविण्यास साधारणतः काही आठवडे लागतात आणि त्यांचा खर्च घराच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. ‘आजच इसार द्या, उद्या भाव वाढेल’ असे सांगितले जाते, तेव्हा तेवढे आठवडे थांबण्याचा सल्ला देणारा माणूस गावात असणे महत्त्वाचे आहे. पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांनी ती जबाबदारी उचलल्यास श्रमाच्या पैशातून उभे राहणारे घर पुढील पिढीकडे निर्वेधपणे जाऊ शकेल.